मामंजी तापलेत

आमच्या घरात सांडशीला 'मगर' म्हणायचे. भिंतीवरचं घड्याळ म्हणजे 'थापाड्या', कारण ते कधी खरं बोललंच नाही. मान हलवणारा टेबलपंखा 'नाहीनाही'. पंपाच्या स्टोव्हला 'आत्या' म्हणायचो, कारण बाबांची एक आत्या अशीच आधी बराच वेळ सुसू करायची आणि मग एकदम भडकायची. ही नावं बहुतेक बाबांनी ठेवलेली. ते नागपुरात एका शाळेत चित्रकला शिकवत, आणि त्यांना वस्तूंमध्ये चेहरे दिसत. एरवी अगदी कमी बोलणारा माणूस. पण घरात नवी वस्तू आली की दोन दिवस तिच्याकडे बघत राहायचे आणि तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच तिचं नाव सांगायचे. मग आम्हीही त्याच नावाने ती वस्तू मागू लागायचो.

एकच नाव आईने ठेवलं होतं. कूलरचं.

आमचा कूलर पत्र्याचा होता, टिनवाल्याकडून बनवून घेतलेला, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला. बैठकीच्या मागच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर तो बसायचा. तोंड खोलीत, पाठ अंगणात. माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, मी जन्मायच्या आधीच गेले. पण ते असताना त्याच खिडकीत पाठ बाहेर करून बसायचे म्हणे. दुपारभर घोरायचे आणि वेळेवर पाणी मिळालं नाही तर तापायचे. कूलर आणला त्या वर्षी आईने पहिल्याच दुपारी त्याची घरघर ऐकली आणि म्हणाली, "अगं बाई, मामंजीच आले परत." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून कूलर म्हणजे मामंजी. त्यांना पाणी द्यायचं, ते चालू असताना त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि जवळ जाताना पायात रबरी चपला घालायच्या. कूलर झटका देतो हे तेव्हा नागपुरात कोणाला नवीन नव्हतं. मुंग्या आल्या की माणूस हात झटकायचा, हसायचा आणि कामाला लागायचा.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ऐंशी साल नुकतंच ओलांडलं असेल. वहिनी काटोलकडची, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची. लग्नानंतर चार दिवस राहून ती माहेरी गेली आणि ऐन मे महिन्यात परत आली. दादाची नोकरी चंद्रपूरला. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस वहिनी आमच्या घरात तशी एकटीच होती.

ती यायच्या आदल्या दिवशी मी जेवताना एक टूम काढली. घरातल्या वस्तूंची नावं वहिनीला कोणी सांगायची नाहीत. किती दिवसांत तिला कळतात ते बघायचं. दादा म्हणाला, "घाबरेल ना बिचारी." आई म्हणाली, "काही नको असले खेळ." बाबा मात्र माझ्याकडे बघून हसले. ते हसले म्हणजे खेळ ठरला.

पहिल्या सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मगर कुठे गेली गं? दूध उतू चाललंय!" वहिनी दारात होती. तिने पटकन पाऊल मागे घेतलं. मी तोंडात ओढणी कोंबून हसले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आत्या पेटेना आज. तिला पिन मार बघू जरा." वहिनीचा चेहरा पार उतरला. थोड्या वेळाने तिने मला गाठलं. मला ती ताई म्हणायची, अहोजाहो करायची. अकराव्या वर्षी कोणी आपल्याला ताई म्हणतं याचा मला केवढा तोरा चढला होता!

"ताई, आत्याबाई कुठं राह्यतात हो? मी तं पाहिल्याच नाही."

"स्वयंपाकघरात," मी म्हणाले आणि पळाले.

स्टोव्हचं तिला तिसऱ्या दिवशी कळलं. ती खूप हसली. हसताना पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मग तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "अजून हाय का काही असं? मले सांगून द्या न. मले भेव लागते हो अशानं."

खेळ तिथेच संपायला हवा होता. मगर तिला कळली होती, आत्या कळली होती. पण मामंजी अजून बाकी होते. कूलर नुकताच माळ्यावरून काढून, नव्या ताट्या लावून खिडकीत बसवला होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही. एवढंच."

ते 'नाही' मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं.

वहिनीच्या लेखी मामंजी म्हणजे बाबा. दुसरा अर्थ तिला सुचणार कसा? आणि बाबा तिच्याशी बोलतच नसत. रागाने नव्हे, संकोचाने. ती समोर आली की घसा खाकरून पेपर वर धरायचे. तिकडे आतल्या खोलीतून आईचा आवाज तिला ऐकू येई, "मामंजी तापलेत गं, जरा बघ." "मामंजींच्या जवळ अनवाणी जाऊ नको, सांगितलंय ना?" "मामंजींचं काही खरं नाही यंदा." वहिनी ते ऐकायची आणि हातातलं काम आणखी जोरात करायची. बाबांचं ताट ती लांबूनच पुढे सरकवायची. एकदा वरणाची वाटी कलंडली तर तिथेच रडायला लागली. बाबा गोंधळून उठून गेले. ते उठून गेले हेही तिने राग म्हणूनच धरलं. हे सगळं मी बघत होते, आणि मला ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. थोडं थोडं कळत होतं. आणि मजा वाटत होती.

त्या दिवशी सकाळी आई कूलरमध्ये पाणी टाकायला गेली आणि "आई गं!" म्हणून ओरडली. दंड चोळत आत आली. बाबा पेपर तपासायला निघाले होते. त्यांना म्हणाली, "येताना मिस्त्रीला घेऊनच या. आज चांगलाच दणका बसला." बाबा हो म्हणाले आणि सायकल काढून गेले. ऊन इतकं होतं की दहा वाजताच गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलर बंद ठेवायचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. तो बंद केला तर घरात बसणार कसं?

दुपारी जेवणं झाली. आई आतल्या खोलीत आडवी व्हायला निघाली आणि जाताजाता मला म्हणाली, "वहिनीला सांगून ठेव, मामंजींना आज हात लावू नको म्हणावं. सकाळी मला झटका दिला त्यांनी. आणि तो खेळ पुरे आता. कूलर म्हणून नीट सांग."

वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी दारात उभी राहिले. नीट सांगायचं अगदी ओठांवर होतं. पण ते सांगितलं की खेळ संपणार होता, आणि सुट्टीच्या त्या लांबलचक दुपारी माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "वहिनी, आईने सांगितलंय, आज मामंजींच्या वाटेला जाऊ नको. सकाळी आईला झटका दिला त्यांनी."

तिच्या हातातलं ताट थांबलं.

"झटका? म्हंजे? आत्याबाईले... मामंजीनं?"

ती आईलाही आत्याबाई म्हणायची. मी मान डोलावली.

"लागलं का त्याइले?"

"दंडाला लागलं," मी म्हणाले. ते तर खरंच होतं. आई सकाळपासून दंड चोळत होती आणि वहिनीने ते पाहिलं होतं.

तिने ताट पुसून पुसून फडताळात ठेवलं. मी बैठकीत जाऊन फरशीवर लोळत पुस्तक वाचायला लागले. समोरून गार वारा येत होता, वाळ्याचा वास येत होता. थोड्या वेळाने घरघर बदलली, कोरडी झाली. टाकीतलं पाणी संपत आलं होतं. वारा गरम लागायला लागला. मी उठले नाही.

पुढचं वहिनीने मला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. तिला वाटलं होतं की मामंजी तीन वाजता उन्हातून येणार, घर तापलेलं असणार आणि मग ते पुन्हा कोणावर तरी हात उगारणार. ते यायच्या आत बैठक गार करून ठेवावी म्हणून ती अंगणात गेली. फरशी पायाला पोळत होती, म्हणून तिने आधी फरशीवरच बादलीभर पाणी ओतलं. चपला पुढच्या दारी होत्या, त्या आणायला गेली नाही. मग दुसरी बादली घेऊन कूलरकडे गेली.

मला आधी बादली पडल्याचा आवाज आला. मग बांगड्यांचा. भराभर, एकसारखा, जसं कोणी बांगड्यांचा डबा हलवत राहावं तसा. मी मागच्या दारात गेले. वहिनी कूलरला टेकून उभी होती. तिचा उजवा हात टाकीच्या कडेवर होता आणि सगळं अंग थरथरत होतं. तोंड उघडं, पण त्यातून नुसता 'हं हं हं' असा बारीक आवाज. तिचे डोळे माझ्याकडे होते. क्षणभर मला वाटलं, ती मला घाबरवायला नाटक करते आहे, खेळाचा बदला घेते आहे. मग बांगडी फुटली आणि तिच्या मनगटावरून रक्त आलं.

बटण बैठकीत होतं, खिडकीच्या बाजूला. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. मला ते माहीत होतं, हातही पोचत होता. पण माझे पाय फरशीला चिकटले. मला वाटलं, मी बटणाला हात लावला की मलाही असंच धरणार. मी तिथेच उभी राहून किंचाळले. आणि किंचाळताना माझ्या तोंडून जी भाषा आली ती आमच्या घरातलीच आली.

"मामंजींनी वहिनीला धरलं! आई! मामंजी वहिनीला सोडत नाहीत!"

आमच्या भिंतीला भिंत लागून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहत होते. आम्ही त्यांना गार्डकाका म्हणायचो. त्यांनी हे ऐकलं. भर दुपारी शेजारच्या घरातली पोर किंचाळते आहे की सासऱ्याने सुनेला धरलं आणि सोडत नाही. म्हातारा लुंगीवरच हातात बांबूची काठी घेऊन मागच्या फाटकातून धावत आला. त्याचे शब्द मला अजून आठवतात.

"कुठं हाय तो मास्तर? सोड तिले! सोड, नाही तं डोस्कं फोडतो!"

आणि मग त्यांनी पाहिलं. मास्तर नव्हताच तिथे. क्षणभर ते थबकले. मग ओरडले, "करंट! बटन बंद करा, बटन!" आणि तीच काठी उचलून त्यांनी वहिनीच्या मनगटावर घाव घातला. त्याच वेळी आतून आईच्या धावण्याचा आवाज आला आणि कूलरची घरघर थांबली. काठी आधी लागली की बटण आधी बंद झालं, यावर आमच्याकडे कधीच एकमत झालं नाही. वहिनी ओल्या फरशीवर कोसळली. तिचे ओठ निळे पडले होते. तळहातावर एक पांढरी रेघ होती आणि काहीतरी जळाल्याचा वास येत होता. तो वास मी कधी कोणाला सांगू शकले नाही.

ती श्वास घेत नाही असं मला वाटलं. आई तिच्या छातीवर कान ठेवून बसली. "आहे," ती म्हणाली, "आहे, आहे," आणि थांबेचना. गार्डकाकांनी सायकलरिक्षा आणली. आई वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली, काका त्यांच्या सायकलवर मागे निघाले. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ते तिला घेऊन गेले. मला गार्डकाकूंच्या हवाली केलं.

काकूंच्या ओसरीवर पाच-सहा बाया जमल्या. सगळ्यांनी माझी आरोळी ऐकली होती. आणि खरं काय ते पाहिलेले आई आणि काका तर दवाखान्यात होते. काकूंनी मला गुळाचा खडा दिला आणि माझ्यासमोर बसल्या.

"खरं सांग वं पोरी. काय केलं तुह्या बाबानं?"

मी बोललेच नाही. मला वाटत होतं, तोंड उघडलं की पहिलं वाक्य 'मी खोटं बोलले' हेच येईल. वहिनी मेली असेल तर मग मला पोलीस नेतील. गुळाचा खडा माझ्या मुठीत वितळत होता. बाया एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हणाली, "पोर लय भेली हाय. म्हंजे काहीतरी हाय." त्या काळात स्टोव्हचा भडका होऊन सून जळाल्याच्या बातम्या दर आठ दिवसांनी यायच्या. बायांच्या मनात काय चाललं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मला फक्त माझीच भीती दिसत होती. त्या बायांतल्याच एकीचा भाऊ चारच्या बसने काटोलला निघाला होता.

तीन वाजता बाबा आले. सायकलवरून उतरले आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात कोणीतरी उभं आहे हे त्यांनी पाहिलं. कोणी त्यांच्याशी बोलेना. त्यांनी मला विचारलं, "काय झालं?" मी रडायला लागले. एका बाईने दार धाडकन लावून घेतलं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आपण काय केलं ते माहीत नसलेला, पण काहीतरी केलं आहे असं सगळ्यांच्या डोळ्यांत वाचणारा माणूस. शेवटी काकूंनीच सांगितलं की सून दवाखान्यात आहे. ते सायकल तशीच टाकून चालत निघाले. मी त्यांच्या मागे पळत गेले. वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

वहिनी जिवंत होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मध्येच चुकताहेत, दोन दिवस ठेवावं लागेल. उजव्या हाताला जाड पट्टी होती. बाबा दारात आले तशी तिने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते बाबांनी पाहिलं. आईने पाहिलं. एक पोलीस हवालदार तिथे वही घेऊन आला होता, अशा केसमध्ये येतोच म्हणे. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि वहिनीला एकटीला काय ते विचारलं. बाहेरच्या बाकावर मी आई-बाबांच्या मधे बसले होते. कोणी बोलत नव्हतं. बाबांचे हात गुडघ्यांवर होते आणि त्यांच्या नखांत रंग अडकलेला होता. आत वहिनी काय सांगत असेल? ती मामंजी म्हणाली तर? मी तेवढंच मनात घोकत होते. हवालदार बाहेर आला, बाबांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, गाव सोडून जाऊ नका दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने वहिनीचे वडील आले. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा रुमाल. निरोप त्यांच्यापर्यंत वाकडातिकडाच पोचला होता. ते सरळ बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"काय केलं तुमी माह्या पोरीले?"

बाबा उठले. "अहो, कूलरचा शॉक..."

"कूलर मले नका सांगू. आमच्या गावाले माणूस सांगून गेला. तुमच्याच पोरीनं बोंब मारली, सासऱ्यानं धरलं म्हणून. खरं हाय का नाही?"

बाबा माझ्याकडे वळले. आईही वळली. आईला त्या क्षणी सगळं समजलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. त्या पांढऱ्या रुमालाच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. पळून जायला दार होतं. मी दाराकडे बघितलंसुद्धा.

मग मी सांगितलं. कूलरचं नाव मामंजी आहे, आईने ठेवलेलं. मगर, आत्या, सगळं सांगितलं. वहिनीने विचारलं होतं अजून काही आहे का, आणि मी नाही म्हणाले होते. आईने नीट सांगायला सांगितलं होतं, ते मी सांगितलं नाही. बटण माहीत होतं, ते मी बंद केलं नाही. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. त्यांवर काटोलची काळी माती होती.

कोणी हसलं नाही. हे सांगितलं की लोक हसतात, अजूनही हसतात. तिथे कोणी हसलं नाही.

वहिनीचे वडील आत जाऊन मुलीशी बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला म्हणाले, "तू लहान हायेस. तुह्यावर माहा राग नाही." आणि बाबांकडे वळले. "पन तुमी मोठे हा. आठ दिवस माही पोर तुमच्या घरात थरथर कापून राह्यली, आन तुमाले दिसलं नाही?"

बाबांनी हात जोडले.

दोन दिवसांनी ते वहिनीला काटोलला घेऊन गेले. दादा चंद्रपूरहून आला, तिला एसटीत बसवून परत आला आणि माझ्याशी महिनाभर बोलला नाही. हवालदाराने गार्डकाकांचा जबाब लिहून घेतला आणि वही मिटली. गल्लीतल्या बाया पुन्हा आमच्याकडे विरजण मागायला येऊ लागल्या, पण बाबा ओसरीवर असले तर मागच्या दाराने यायच्या.

बाबांनी मिस्त्री आणला. कूलरच्या अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा टाकला, तार पुरली. घरातली नावं त्यांनी बंद केली. तसा हुकूम काही काढला नाही, त्यांनी स्वतः वापरणं सोडलं एवढंच. "सांडशी द्या," म्हणायचे. "घड्याळात किती वाजले?" आम्हीही तसंच बोलू लागलो. कोणा परक्याच्या घरी राहायला गेल्यासारखं वाटायचं. मी तर वस्तू मागणंच सोडलं, स्वतः उठून घ्यायचे. आणि कूलरच्या खोलीत मी पुढची दोन वर्षं झोपले नाही. स्वयंपाकघरात घामाने भिजत झोपायचे, पण ती घरघर सुरू झाली की मला बांगड्या ऐकू यायच्या.

वहिनी परत येणार की नाही, हे कोणी बोलत नव्हतं. पोळा झाल्यावर एक दिवस बाबा म्हणाले, "मी जातो तिला आणायला." आणि मला म्हणाले, "तू चल."

काटोलच्या बसमध्ये मला दोनदा ओकारी झाली. त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी अंगणात गहू निवडत बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं वळली होती, ती सरळ होत नव्हती. तिने आम्हाला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. तिच्या वडिलांनी खाट टाकली. चहा झाला. बाबांनी बोलायचं काय काय ठरवून आणलं असेल, पण ते फक्त एवढंच म्हणाले, "अर्थिंग करून घेतलं आहे. तू येशील का, बेटा? नाही म्हणालीस तरी चालेल."

वहिनी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येतो. पन मले तुमचं भेव लागते अजून. सगळं समजलं तरी लागते. खोटं काहून सांगू?"

"लागू दे," बाबा म्हणाले. "मलाही तुझं लागतं."

ती आली. भीती मात्र लगेच गेली नाही, दोघांचीही. पुढचं वर्षभर बाबा घरात शिरताना दारातच खोकायचे आणि वहिनी पदर सारखा करून भिंतीला लागायची. तिने त्यांना मामंजी कधीच म्हटलं नाही, बाबा म्हणू लागली. मग तिला मुलगी झाली. मुलगी चार-पाच महिन्यांची असेल, एका सकाळी बाबांनी आंघोळीचा ओला पंचा तिच्या दुपट्यावर टाकला आणि स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, "अहो बाबा, डोळे हायेत का नाही तुमाले? लेकरू ओलं झालं न!"

आई हातातलं लाटणं धरून उभी राहिली. बाबा पंचा उचलून दोरीवर टाकून आले, माझ्या शेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? रागावली मला." त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी दुसरीकडे बघितलं.

माझी भीती अशी कोणत्या सकाळी गेली नाही. आता मी नागपूरच्या टोकाला बेसा भागात राहते, घरात सगळं नव्या पद्धतीचं आहे. पण घरात कोणी नवं माणूस आलं, पाहुणी असो की कामाला येणारी बाई, की मी तिला आधी स्विचबोर्ड दाखवते. कोणत्या बटणाने काय बंद होतं ते एकेक करून सांगते आणि तिच्याकडून परत म्हणवून घेते. त्या कंटाळतात. वहिनी एकदा तशी बाजूला बसली होती. ती कंटाळली नाही. वाकड्या बोटांचा हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मी एक बटण विसरले ते तिने सांगितलं.